आस

दुपारी सव्वा वाजता शिरवण्याच्या खाणीत सुरुंग उडतो.
नेरुळमध्ये, चौथ्या मजल्यावर,
कपाटातल्या बश्या एकमेकींना हलकेच काहीतरी विचारतात.
शेजारचे डुंबरे दार उघडून म्हणतात, भूकंप?
मी म्हणतो, खाण.
नक्की?

बत्तीस वर्षं मी याच प्रश्नाचं उत्तर लिहीत होतो,
डोंगर फक्त दुसरा होता, दुसऱ्यांचा,
आणि त्याचं नाव मी झोपेतसुद्धा घेत नाही
(असं बायको सांगते; तिची साक्ष ग्राह्य धरावी).

सुरुंग पहिल्याच धक्क्याला सगळं बोलून मोकळा होतो.
भूकंप मागाहून, आडवा, जोरात बोलतो.
आणि तिसरा एक असतो,
खोल पोकळीत, मिठाच्या थरात उडवलेला,
तो नुसता खाकरतो
आणि खाणींच्या गर्दीत मिसळून जातो.

समितीची खोली बिनखिडकीची.
मोबाइल बाहेर टोपलीत.
माझ्या एका पानाच्या चौदा प्रती, प्रत्येकीवर आकडा,
उठताना मोजून परत घ्यायच्या.
शेवटचं वाक्य मी लिहिलं होतं :
या काळात कराराचं उल्लंघन दिसलेलं नाही.
देवस्थळी साहेबांनी हिरव्या शाईनं ‘दिसलेलं’ खोडून
वर ‘झालेलं’ लिहिलं.
म्हणाले, त्यांना हात वर करायचे असतात,
धुक्यात हात वर होत नाहीत.

एका सदस्यानं खर्च विचारला.
एकानं उपग्रहाचं छायाचित्र उलटं धरून
बराच वेळ कौतुक केलं.
मग अनसूया मढवी, दिवा गावच्या,
चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
“जाल्यान मासली नाय आली,
म्हनून खारीन मासलीच नाय,
असा कोन लिवतं का?
जाल्याची आस केवरी, ता पयला सांगा.”

आस म्हणजे? अध्यक्षांनी विचारलं.
बाईंनी अंगठा आणि तर्जनी जुळवून
मधलं भोक सगळ्यांना दाखवलं.
ज्या भोकातून सुटतं ते.

मला बोलायची परवानगी नव्हती.
मी उभा राहिलो.
आकडा सांगितला :
याच्याहून लहान धक्का आम्हाला ऐकू येत नाही.
पोकळीत उडवला तर याच्या कितीतरी पट मोठाही नाही.
एसीचा आवाज तेवढा राहिला.
कान लोकांच्या पैशांतून विकत घेतलेले,
आणि बहिरेपण मात्र आम्ही
घरचं गुपित म्हणून सांभाळलं होतं.

प्रती परत आल्या, चौदाच्या चौदा.
नऊ नंबरच्या समासात पेन्सिलीनं :
झाला नाय, दिसला नाय, दोन वेगले.
नियमाप्रमाणे कागद यंत्रात घालून
त्याच्या शेवया करायच्या असतात.
केल्या. मीच केल्या.

पुढच्या अहवालापासून ‘दिसलेलं’ परत आलं,
खाली एक नवा रकाना आला,
आणि मला ग्रंथालयात बसवलं,
जुन्या नकाशांची धूळ झटकायला.

बाई गेल्या त्या वर्षी मी दिव्याच्या जेट्टीवर गेलो होतो.
त्यांचा भाचा जाळं विणत बसला होता.
मी करंगळी घालून पाहिली.
तो म्हणाला, काका, मोजताय काय?
मला उत्तर सुचलं नाही,
माझं बोट जरा वेळ तिथंच अडकलं होतं.

डुंबरे अजून दारातच.
नक्की ना?
मी म्हणतो, रोज सव्वाला होतो, म्हणून खाण.
पण ज्याला लपवायचं असेल,
तोही सव्वाचीच वाट बघेल.
ते हसतात, दार लावून घेतात.
बश्या अजून
पुरत्या थांबलेल्या नाहीत.